आधी वाचा, मग दाबा

वाचन पातळी ५ : वैचारिक लेख

वाचण्यापूर्वी विचार करा : तुमच्या घरचा, शाळेतला किंवा ऑफिसातला कॉम्प्युटर सुरूच झाला नाही, असं कधी झालंय का? तेव्हा तुम्ही सर्वांत आधी काय केलंत?

१. अठ्ठावीस तारखेची सकाळ

मी शारजामध्ये एका छोट्या व्यापारी कंपनीत हिशेब सांभाळते. गोदाम आणि ऑफिस मिळून आम्ही ३८ माणसं आहोत.

त्या दिवशी महिन्याची २८ तारीख होती, म्हणजे पगाराची तयारी. अमिरातीत पगार ठरावीक पद्धतीने, बँकेमार्फत द्यावा लागतो. त्यासाठी ठरलेल्या नमुन्यात एक फाईल बनवून पाठवायची असते. २००९ पासून ही पद्धत सुरू आहे आणि इथे सगळे तिला ‘डब्ल्यूपीएस’ म्हणतात. ती फाईल मी आदल्या दिवशी तयार केली होती. ती होती माझ्या कॉम्प्युटरवर, आणि फक्त माझ्याच कॉम्प्युटरवर. ही माझी पहिली चूक. दुसरी पुढे सांगते.

आमच्या ऑफिसात साताऱ्याचा एक मुलगा नवीन लागला आहे. सकाळी सगळे कॉम्प्युटर तोच चालू करून ठेवतो. मी आत शिरते न शिरते तोच तो धावत आला.

“ताई, तुमचा कॉम्प्युटर चालूच होत नाहीये! नुसता काळा स्क्रीन आलाय.”

मी पर्स खाली ठेवली आणि बटण दाबून धरलं. मशीन बंद झालं. पुन्हा चालू केलं. पुन्हा काळा स्क्रीन, त्यावर पांढऱ्या अक्षरांत दोन-तीन ओळी. परत बंद, परत चालू. असं मी चार वेळा केलं. चारही वेळा तेच झालं, तरी पाचव्यांदा वेगळं काही होईल अशी मला आशा होती!

तेवढ्यात साहेब आले. त्यांनी विचारलं, “काल संध्याकाळी इथे कोण होतं?” कोणीतरी म्हणालं, “चाचांनी टेबलाखाली पोछा मारला होता. वायर ओढली गेली असेल.” चाचा म्हणजे आमचे ऑफिस बॉय. वय साठीच्या जवळ. ते दारातच उभे होते. काहीच बोलले नाहीत.

दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, “पुराना मशीन है मॅडम, फॉरमॅट मारना पडेगा.” त्याने मशीन पाहिलं नव्हतं. स्क्रीनवर काय आलंय, हेही विचारलं नव्हतं. फॉरमॅट म्हणजे डिस्कवरचं सगळं पुसून नव्याने सुरुवात. पगाराची फाईलही त्यात गेली असती.

मग मी खुर्चीत नीट बसले आणि त्या पांढऱ्या ओळी पहिल्यांदाच वाचल्या. इंग्रजीत साधं सरळ लिहिलं होतं : डिस्क किंवा इतर साधन काढा, आणि कोणतंही बटण दाबून पुन्हा सुरू करा.

काढा? पण काय काढायचं?

मी चाचांना जवळ बोलावलं आणि शांतपणे विचारलं, “चाचा, कल सफाई करते वक्त कुछ देखा था?”

ते हळूच म्हणाले, “मॅडम, पीछे वो छोटावाला लाल चीज लगा हुआ था. मैंने हाथ नहीं लगाया.”

मी वाकून मागे पाहिलं. लाल पेन ड्राइव्ह होता आणि तो माझाच होता. आदल्या संध्याकाळी एका ग्राहकाची बिलं उतरवून घ्यायला मीच तो लावला होता आणि काढायला विसरले होते. ही माझी दुसरी चूक.

पेन ड्राइव्ह काढला, बटण दाबलं, आणि दोन मिनिटांत विंडोज सुरू झालं. पगाराची फाईल दुपारच्या आत गेली.

२. नेमकं झालं काय होतं?

आपण बटण दाबतो तेव्हा लगेच विंडोज सुरू होत नाही. त्याआधी मदरबोर्डवर साठवलेला एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो. जुन्या मशीनमध्ये त्याला बायोस म्हणतात, नव्यात यूईएफआय. तो आधी हजेरी घेतो : मेमरी आहे का? कीबोर्ड आहे का? डिस्क आहे का? मग तो विंडोज कुठे आहे ते शोधायला निघतो. कुठे आधी बघायचं आणि कुठे नंतर, याची यादी त्याच्याकडे असते.

आमच्या जुन्या मशीनच्या यादीत यूएसबीचा नंबर पहिला होता. म्हणून ते आधी पेन ड्राइव्हकडे गेलं. तिथे विंडोज नव्हतं, बिलं होती. आणि गंमत म्हणजे ‘हे काढा’ हा निरोप त्या पेन ड्राइव्हनेच दिला होता. विंडोजमध्ये पेन ड्राइव्ह तयार करताना त्याच्या सुरुवातीच्या भागात असा निरोप लिहून ठेवलेला असतो. म्हणजे मशीनमध्ये बिघाड नव्हताच. ते चुकीच्या दारावर थांबलं होतं, आणि ‘मला या दारातून काढा’ असं सांगतही होतं. आम्ही पाच शिकलेली माणसं समोर उभी राहून ते वाचत नव्हतो.

३. माझं मत

त्या दिवसापासून माझं एक मत पक्कं झालं आहे. कॉम्प्युटर सुरू झाला नाही, तर पहिली पंधरा मिनिटं ही तिथे बसणाऱ्या माणसाची जबाबदारी आहे. दुरुस्तीवाल्याची पाळी त्यानंतर. आणि या पंधरा मिनिटांत काम तीनच : वाचा, लिहा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

आपण सहसा याच्या उलट वागतो. काही जण घाबरतात आणि हात बांधून आयटीवाल्याची वाट बघत बसतात. काही जण घाई करतात. एकदम सगळ्या वायरी उपटतात, दोन बटणं दाबतात, मेमरी काढून बसवतात, आणि मशीन चालू झालं तर ‘झालं बुवा!’ म्हणून सोडून देतात. पण कशामुळे झालं? कुणालाच माहीत नाही. म्हणजे पुढच्या महिन्यात तीच अडचण आली, तर सगळा खेळ पहिल्यापासून.

एका वेळी एकच बदल करण्याचं कारण हेच आहे. आमटी बिघडली म्हणून एकदम मीठ, गूळ, चिंच आणि पाणी घातलं, तर ती सुधारली तरी कशाने सुधारली ते कळत नाही, आणि आणखी बिघडली तरी कळत नाही.

४. गाडी कुठल्या स्टेशनवर थांबली?

‘कॉम्प्युटर चालू होत नाही’ हे वाक्य ‘पोटात दुखतंय’ या वाक्यासारखं आहे. डॉक्टर लगेच विचारतात, कुठे दुखतंय? इथेही तोच प्रश्न विचारायचा : गाडी कुठल्या स्टेशनवर थांबली?

*पहिलं स्टेशन : वीज.* दिवा नाही, पंख्याचा आवाज नाही. मग भिंतीवरचं बटण बघा. अमिरातीत आणि ब्रिटनमध्ये प्लगजवळ सहसा स्विच असतो. झाडलोट करताना किंवा चार्जर लावताना तो बंद झालेला असू शकतो. त्याच प्लगला टेबल लॅम्प लावून बघा. दिवा लागला, तर वीज आहे. मग कॉम्प्युटरची वायर दोन्ही टोकांना घट्ट बसली आहे का ते तपासा. अनेक मशीनच्या पाठीमागेही एक छोटा स्विच असतो, तोही बघा.

*दुसरं स्टेशन : हजेरी.* पंखा फिरतोय, पण स्क्रीनवर काहीच नाही. आधी मॉनिटर चालू आहे का, त्याची वायर नीट आहे का ते पाहा. मशीनला वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल, तर मॉनिटरची वायर त्या कार्डालाच लावायला हवी. दुसऱ्या खाचेत लावली की बहुतेक वेळा स्क्रीन कोरा राहतो. काही मशीन अशा वेळी ‘बीप’ असा आवाज करतात किंवा छोटा दिवा लुकलुकवतात. ती त्यांची भाषा आहे. किती बीप झाले ते मोजा आणि लिहा. प्रत्येक कंपनीचा अर्थ वेगळा असतो, पण मोजलेला आकडा दुरुस्तीवाल्याच्या फार उपयोगी पडतो.

*तिसरं स्टेशन : शोध.* कंपनीचं चिन्ह दिसतं, पण पुढे काळा स्क्रीन आणि काही ओळी. आमची गाडी इथेच थांबली होती. आधी प्रिंटर, पेन ड्राइव्ह, बाहेरची डिस्क असं सगळं काढा. फक्त कीबोर्ड, माऊस आणि मॉनिटर ठेवा. मशीनचं घड्याळ रोज चुकत असेल, काही वर्षं मागची तारीख दिसत असेल, तर मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपत आलेली असू शकते. ती गेली की जुनं मशीन आपली यादीही विसरू शकतं. एवढीशी बॅटरी, पण तिच्यामुळे अख्खं मशीन ‘बाद’ ठरवलं जातं!

*चौथं स्टेशन : विंडोज.* विंडोजचं चिन्ह येतं, गोल फिरत राहतं, किंवा मशीन आपोआप परत परत सुरू होतं. सलग दोन-तीन वेळा सुरुवात फसली, तर विंडोज १० आणि ११ स्वतःच दुरुस्तीचा निळा पडदा दाखवतं. तिथे सेफ मोडचा पर्याय मिळतो. सेफ मोडमध्ये विंडोज फक्त अगदी गरजेच्या गोष्टी घेऊन सुरू होतं. तिथे ते नीट चाललं, तर दोष बहुधा नंतर घातलेल्या एखाद्या प्रोग्रॅममध्ये, ड्रायव्हरमध्ये किंवा अपडेटमध्ये आहे, असं समजायला जागा आहे. आणि मुख्य म्हणजे अशा वेळी आपल्या फायली दुसरीकडे उतरवून घेता येतात.

आता एक गोष्ट, जी बऱ्याच जणांना ठाऊक नसते. ‘शट डाउन’ करून पुन्हा चालू करणं आणि ‘रीस्टार्ट’ करणं, या दोन गोष्टी सारख्या नाहीत. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. ती चालू असेल, तर शट डाउन करताना विंडोज आपला काही भाग जसाच्या तसा डिस्कवर जपून ठेवतं, म्हणजे सकाळी लवकर सुरू होता येईल. पण त्याबरोबर कालची गडबडही जपली जाऊ शकते. रीस्टार्ट मात्र खरोखर नव्याने सुरुवात करतं. म्हणून “रात्रभर बंद होता, तरी तसाच आहे” असं कोणी म्हणालं, तर एकदा रीस्टार्ट करून बघायला सांगा.

५. वहीतला पतंग

‘लिहा’ म्हटलं की लोक हसतात. एवढ्याशा गोष्टीसाठी वही कशाला?

९ सप्टेंबर १९४७ ची गोष्ट आहे. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाचा मार्क टू नावाचा खोलीभर मोठा संगणक नीट चालेना. शोधता शोधता एका रिलेत अडकलेला पतंग सापडला. पतंग म्हणजे दिव्याभोवती फिरणारा किडा, आकाशात उडवायचा तो नव्हे! तिथल्या लोकांनी तो किडा फेकून दिला नाही. चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवला, आणि तो कितव्या रिलेत सापडला हेही शेजारी लिहिलं. ती वही आज वॉशिंग्टनमधल्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

पतंग सापडला म्हणून काम संपलं, असं त्यांनी मानलं नाही. काय झालं होतं, ते पुढच्या माणसाला कळावं म्हणून लिहून ठेवलं. आमच्या ऑफिसात आता एक साधी शंभर पानी वही आहे. तारीख, वेळ, स्क्रीनवर काय आलं, आपण काय केलं, मग काय झालं, एवढंच त्यात लिहायचं. स्क्रीनवर काही दिसलं तर आधी मोबाईलवर फोटो काढायचा. पहिली नोंद माझ्या लाल पेन ड्राइव्हची आहे आणि ती मीच लिहिली आहे.

६. “पण हे आपलं काम आहे का?”

माझं मत सगळ्यांना पटत नाही. एक मैत्रीण म्हणते, “अगं, आपण कशाला हात लावायचा? आयटीवाले कशाला आहेत?” तिचं म्हणणं अगदीच चूक नाही. मोठ्या कंपन्यांमध्ये सुरक्षेचे नियम असतात, ते पाळलेच पाहिजेत. काही गोष्टींना तर हात लावूच नये. वीजपुरवठ्याचा डबा उघडू नये, प्लग काढल्यावरही त्यात धोकादायक दाब राहू शकतो. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर मशीन परत परत चालू करू नये, कारण प्रत्येक वेळी माहिती गमावण्याचा धोका वाढतो. जळका वास आला तर प्लग काढा आणि बाजूला व्हा. कुठे थांबायचं हे कळणं, हाही या पंधरा मिनिटांचाच भाग आहे.

पण वाचायला आणि लिहायला कुठल्याही नियमाची आडकाठी नाही. आणि कधी कधी आयटीवाला दुरून काहीच करू शकत नाही. १९ जुलै २०२४ ला हेच जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, विंडोजची सुमारे ८५ लाख मशीन कोसळली. विमानतळ, बँका, दवाखाने, सगळीकडे निळे पडदे. भारतात काही विमान प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. उपाय तसा लहान होता : सेफ मोडमध्ये जायचं आणि एक सदोष फाईल पुसायची. पण मशीनच सुरू होत नव्हती, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी कुणीतरी प्रत्यक्ष मशीनसमोर बसून ते करावं लागलं. ज्या मशीनच्या डिस्कला बिटलॉकरचं कुलूप होतं, तिथे आधी ४८ अंकी किल्ली हवी होती.

आता स्वतःला विचारा : माझ्या मशीनला असं कुलूप आहे का? त्याची किल्ली कुठे आहे? ती त्याच मशीनमध्ये ठेवली असेल, तर घराची चावी घरातच ठेवून दार ओढून घेतल्यासारखं आहे. तीच गोष्ट पगाराच्या फाईलची. आता ती मी दोन ठिकाणी ठेवते. कॉम्प्युटर कधी ना कधी रुसणारच. तो रुसला म्हणून ३८ घरांचे पैसे अडू नयेत.

७. “कोणी केलं?” की “काय झालं?”

शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि ती मशीनबद्दल नाही.

त्या सकाळी ऑफिसात पहिला प्रश्न विचारला गेला तो “कोण होतं?” हा. उत्तर चाचांना माहीत होतं. पेन ड्राइव्ह त्यांनीच पाहिला होता. पण आरोप आपल्यावर येतोय हे दिसल्यावर ते गप्प बसले. त्यांची नोकरी, त्यांचा व्हिसा, घरी पाठवायचे पैसे, हे सगळं त्या गप्पपणात होतं. “कोणी केलं?” विचारलं की माणसं तोंड मिटून घेतात. “काय दिसलं?” विचारलं की तीच माणसं बोलू लागतात. ज्याला दोषी ठरवत होतो, त्याच्याकडेच उपाय होता.

ज्या ऑफिसात चहा सांडला, वायर ओढली गेली, चुकीचं बटण दाबलं गेलं, हे न घाबरता सांगता येतं, तिथे दुरुस्ती लवकर होते. जिथे सांगता येत नाही, तिथे दुरुस्तीवाला अंधारात चाचपडतो आणि शेवटी म्हणतो, “फॉरमॅट मारना पडेगा.”

त्या दुपारी मी सगळ्यांसमोर सांगितलं की पेन ड्राइव्ह माझा होता. चाचांची माफी मागितली. साहेब काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी ते स्वतः चाचांना म्हणाले, “चाचा, आज चाय मेरी तरफ से.” चहा अर्थातच चाचांनीच केला. पण कप साहेबांनी धुतले.

शब्दार्थ

निदान : काय बिघडलं आहे ते ओळखणं
हजेरी घेणं : कोण आहे, कोण नाही ते तपासणं
आडकाठी : अडथळा, मनाई
सदोष : ज्यात चूक आहे असा
चाचपडणं : न दिसता हाताने शोधणं
पोछा मारणं : ओल्या फडक्याने फरशी पुसणं

वाचा आणि सांगा

१. लेखिकेने त्या दिवशी आपल्या कोणत्या दोन चुका मान्य केल्या?
२. ‘एका वेळी एकच बदल’ हे पटवण्यासाठी तिने स्वयंपाकघरातलं कोणतं उदाहरण दिलं? तुम्ही दुसरं उदाहरण द्या.
३. चाचा सुरुवातीला गप्प का बसले असतील? चार-पाच वाक्यांत लिहा.
४. लेखिकेच्या मैत्रिणीचं मत तुम्हाला पटतं का? तुमची बाजू कारणं देऊन मांडा.
५. घरी विचारा : आपल्या महत्त्वाच्या फायली किती ठिकाणी ठेवल्या आहेत? मिळालेलं उत्तर वर्गात सांगा.